पुढच्या चाकावरचं वजन

कंप्रेसरच्या मागे, भिंतीच्या फटीत, निळ्या कॅनव्हासचा एक कमरपट्टा पडला होता. त्याला खिसे होते आणि प्रत्येक खिशात शिशाची एकेक वडी. साबणाच्या वडीएवढी दिसणारी, पण उचलायला गेलं की मनगट खाली ओढणारी.

*

"हाताला धरून ओढायचं नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि मग आपल्याकडे वळवायचं." हॉस्पिटलातल्या नर्सने आईला असं शिकवलं. आई चणीने लहान. पहिल्या आठवड्यातच तिची पाठ धरली.

*

"बाईने सेट केलेली गाडी. पुढून हलकी असणारच," धावपट्टीच्या कडेला कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे खो खो हसले.

*

जुनी धावपट्टी. विमानं उतरायची बंद झाली त्याला जमाना लोटला. काँक्रीटच्या सांध्यांतून गवत वर आलंय. पण मधला पट्टा सरळ आहे, इतका सरळ की त्याचं पलीकडचं टोक उन्हात विरघळलेलं दिसतं.

*

माणूस एका जागी पडून राहिला की गादीत त्याच्या आकाराचा खळगा होतो.

*

हे सगळं एकाच घरातलं. पुढे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे पत्र्याचं गॅरेज, आणि दोहोंच्या मध्ये एक दार, जे कधीच नीट लागायचं नाही. गॅरेजमध्ये ताई मोटरसायकली तयार करायची. रस्त्यावर चालवायच्या नव्हे, सरळ रेषेत पळवायच्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, पिवळा दिवा जाऊन हिरवा लागला की सोडायच्या, आणि जी जुन्या धावपट्टीचं टोक आधी गाठेल ती जिंकली. बघणाऱ्याने श्वास रोखला तर तो सोडायच्या आत शर्यत संपलेली असते. आणि तेवढ्यासाठी महिना महिना खपायचं. मागचं चाक आणखी मागे न्यायचं. पुढचा शॉकअप दाबून, पट्टी आवळून, गाडीचं नाक जमिनीशी आणायचं. क्लच असा लावायचा की सुटताना झटका तर बसेल, पण चाक जागच्या जागी गरगरणार नाही. आणि या सगळ्याच्या वर एक गोष्ट, वजन. पुढच्या चाकावर किती, मागच्यावर किती. पुढे कमी पडलं, तर गाडी सुटताना उधळलेल्या घोड्यासारखी मागच्या चाकावर उभी राहते आणि स्वाराला खाली घेऊन उलटी पडते.

धाकट्याची तशीच पडली.

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. तेव्हापासून तो पुढच्या खोलीतल्या पलंगावर होता. डोळे उघडे, श्वास चालू, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. आई म्हणायची, त्याला सगळं ऐकू येतं. आणि लोक म्हणायचे, ताईचं गणित चुकलं.

तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, तिने पाना तरी फेकून मारला असता. लोक येत, घसा खाकरत, धाकट्याची चौकशी करत, आणि जाताना आपापली गाडी घेऊन जात. कुणाला घाई होती, कुणाचा विचार बदलला होता. बघता बघता गॅरेज रिकामं झालं आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली एकच गाडी उरली. तीच.

ताईने ते गणित इतक्या वेळा पुन्हा केलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. ते बरोबर होतं. बरोबर गणित आणि उलटी पडलेली गाडी, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना टकरा देत होत्या, आणि त्या टकरांनी ती दिवसेंदिवस कडवट होत चालली होती. चहा गार असला तरी ओरडायची. गरम असला तरी ओरडायची.

मग एका सकाळी कंप्रेसरची नळी फुटली. ती बदलायला तिने कंप्रेसर पुढे ओढला, आणि मागे निळा पट्टा सापडला.

हातात घेताक्षणी तिला सगळं कळलं.

त्यांच्या गटात नियम होता की गाडी आणि स्वार मिळून ठरावीक वजन भरायलाच हवं. स्वार किरकोळ असेल तर उरलेलं शिसं गाडीला बोल्टने आवळायचं. ताई ते पुढच्या चाकाच्या जवळ, खाली आवळायची, म्हणजे नाक जमिनीला धरून राहतं. पण बोल्टने आवळलेलं शिसं शर्यतीत तुमच्याबरोबर धावतं. कमरेला बांधलेलं शिसं काट्यावरून उतरल्यावर काढून ठेवता येतं. वजन शर्यतीआधी होतं, नंतर नाही. धाकट्याने जाकिटाच्या आत हा पट्टा बांधून घरच्या काट्यावर तिला फसवलं होतं आणि धावपट्टीवरच्या काट्यावर जगाला. ताईने त्याचं भरलेलं वजन बघून गाडी बसवली, पुढे शिसं आवळलंच नाही. आणि तो हलका होऊन गाडीवर बसला.

वेल्डिंगचं काम मामाकडे असायचं. आईचा लहान भाऊ, जन्मभर याच गॅरेजात. तो नेहमीसारखा शीळ घालत आत आला, तर समोर भाची, आणि तिच्या हातात पट्टा. शीळ थांबली.

"हे काय आहे?"

"शिसं," मामा म्हणाला.

"शिसं आहे ते मला दिसतंय. मी मूर्ख होते, आंधळी नाही. इथे कुणी ठेवलं?"

मामाने वेल्डिंगचा काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. काळ्या काचांमागून बोलणं सोपं जात असावं. "रांगेत उभा असताना त्याने काढून माझ्या हातात दिला. हसत होता गं. म्हणाला, ताईला सांगू नकोस, जिंकल्यावर मीच सांगेन. ती आधी कानाखाली देईल, मग हसेल."

"आणि तू घेतलास."

"सगळेच करतात हे, पोरी."

"आणि नंतर? लोक माझ्या नावाने शंख करत होते, तेव्हा तुझी वाचा बसली होती?"

"सांगून तो उठून बसणार होता का?"

"तो नसता बसला! पण मी मान वर करून चालले असते!"

तिने पट्टा फेकला. तो मामाच्या कानाजवळून गेला आणि पत्र्यावर असा आदळला की पुढच्या खोलीतून आईने विचारलं, काय पडलं?

ताई तरातरा पुढच्या खोलीत गेली. धाकटा छताकडे बघत होता. अंगाला पावडरीचा वास. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आई रोज चोळायची ती पावडर.

"सापडला तुझा पट्टा," ती म्हणाली. "चोर! घरात चोर पोसला आम्ही. जरा बघ माझ्याकडे."

"अगं, हळू. त्याला ऐकू येतं," आई म्हणाली.

"ऐकू येतं म्हणूनच बोलतेय. भिंतीशी बोलायला मला वेड नाही लागलेलं." ती त्याच्या तोंडावर वाकली. "तीच गाडी घेऊन, तशीच्या तशी सेट करून, मी धावपट्टीवर जाणार. तू लपवलंस तेवढं शिसं मी सगळ्यांच्या देखत पुढे आवळणार. आणि ती उलटणार नाही. कळलं? लोकांना दाखवणार आहे मी, चूक कुणाच्या कामात होती ते."

धाकट्याने पापणी हलवली नाही. तशी तो एरवीही हलवायचा नाही.

*

गाडी दुरुस्त करताना ताई एकेक भाग काट्यावर ठेवूनच जोडायची. ही तिची पद्धत. हँडल, टाकी, चेन, स्प्रॉकेट, सगळ्यांचं वजन तिला माणसांच्या स्वभावासारखं पाठ. त्यामुळे उभ्या गाडीचं वजन किती भरणार, हे तिला गाडी उभी करण्याआधीच माहीत असायचं.

पुढच्या चाकाखाली एक काटा, मागच्याखाली एक. वजन करताना गाडीला कुणीतरी सावरून धरावं लागतं, आणि तिथेच नवखे लोक फसतात. मूठ आवळून धरलं की धरणाऱ्याचं वजन गाडीत मिसळतं. म्हणून फक्त हँडलच्या टोकाला एक बोट. इतकी वर्षं ते बोट मामाचं.

मागचा काटा बरोबर होता. पुढचा जास्त दाखवत होता. थोडंसंच.

"मामा, हात जड नको."

"बोटच लावलंय."

"मग बोटही जड नको. खाण्यावर ताबा ठेव."

"माझ्या बोटाला काय ढेरी आलीय का?" मामा म्हणाला. त्या प्रकारानंतर पहिल्यांदाच त्याने विनोद केला होता. तिने हसू दिसू दिलं नाही.

"काढ बोट."

"पडेल."

"काढ म्हटलं ना."

त्याने काढलं. काटा हलला नाही. गाडीही हलली नाही. दोन चाकांवर, कुणाचाही हात नसताना, स्टँड नसताना, ती उभी होती. खुंटीला टांगलेल्या कोटासारखी. मग जरा वेळाने, आठवण झाल्यासारखी, ती डावीकडे कलली आणि मामाने धरली.

"जमिनीला चढ असेल," ताई म्हणाली.

या गॅरेजची जमीन तिने स्वतः पाणसळ लावून, अगदी सपाट बसवून घेतली होती.

*

वजन जास्त असेल तर कमी करायचं, यात घाबरण्यासारखं काय? तिने बॅटरी बदलून हलकी टाकली. चेनच्या झाकणाला भोकं पाडली, चाळणीसारखी. सीटचा फोम काढून टाकला. पुढे ब्रेक एकच होता, त्याचीही डिस्क घासून पातळ केली. काढलेला प्रत्येक तुकडा, प्रत्येक कीस तिने डब्यात गोळा केला आणि डबा वजन करून बघितला.

गाडी काट्यावर चढवली. पुढचा काटा आधी होता तिथेच होता. नाही, किंचित पुढे.

तिने काट्यांची अदलाबदल केली. जास्तीचं वजन काट्याबरोबर मागे गेलं नाही, पुढच्या चाकाखालीच राहिलं. तिने पट्ट्यातल्या शिशाच्या वड्या एकेक करून काट्यावर ठेवल्या. काटा केसाएवढाही चुकत नव्हता. टाकी रिकामी केली. पुढचा टायर काढून आत पाणी शिरलंय का बघितलं. ठणठणीत कोरडा.

"चेसिसच्या नळीत काहीतरी असेल," मामा म्हणाला. "पावसापाण्यात पडून होती."

"ताडपत्रीखाली होती."

"मग काय म्हणतेस, भूत आहे?"

"तू गप्प बसायला इतका पटाईत आहेस, तर आत्ताही बस."

तिने नळीला बारीक भोक पाडलं. ड्रिल आत गेलं तशी जरा हवा बाहेर आली. कोमट. तिने नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"काय गं?"

"पावडरीचा वास येतोय."

मामाने वाकून हुंगलं. बराच वेळ वाकलेला राहिला. मग म्हणाला, "तुझ्याच हाताला असेल."

ताईने सकाळपासून धाकट्याला हात लावला नव्हता. हात लावायचंच तिने सोडलं होतं. एवढा राग हातात घेऊन माणसाला हात लावू नये, असं तिला वाटायचं. तिने भोक बुजवायला मामाला सांगितलं, आणि तो नीट करतोय ना हे बघत उभी राहिली.

*

"आज एकटीने कूस बदलली त्याची," आई जेवताना म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसत होतं. "पाठ अजिबात दुखली नाही."

"सवय झाली तुला."

"हलका झालाय पोरगा."

"पडून राहिलं की स्नायू झिजतात. डॉक्टर म्हणाले होते ना." ताईने तोंडात घास घातला आणि तो चावायचा विसरली. मग उठून पुढच्या खोलीत गेली.

धाकट्याचे दंड होते तसेच होते. गाल भरलेले. मानेचा जाडपणा तोच, ज्याच्यासाठी तिने त्याचं हेल्मेट एक माप मोठं आणलं होतं. झिजलेलं काही दिसत नव्हतं. तिने चादरीच्या कडेने गादीवर तळवा दाबून पाहिला, मग त्याच्या पाठीखाली सरकवला. हात सहज गेला, जसा उशीखाली जातो. गादीतला खळगा भरून आला होता.

ती मागे आली आणि सीटची पट्टी अशा जोरात घट्ट केली की बोल्टचे आटे गेले. मग बोल्टला शिव्या घातल्या. मग बोल्ट बनवणाऱ्याला. मग धाकट्याला, मोठ्याने, मधलं दार उघडं असताना. "अजून काय हवंय तुला? माझं नाव घेतलंस, काम घेतलंस, आता गाडीतही मला एकटीला बसू देत नाहीस?"

ते तिच्या तोंडून निघून गेलं. मामाने वेल्डिंग थांबवलं. ठिणग्या विझल्यावर गॅरेज एकदम अंधारल्यासारखं झालं.



*

पुढच्या खोलीची खिडकी बंद राहू लागली. पंखाही बंद. आईच्या कपाळावरून घाम ओघळत असायचा आणि ती पलंगाशी बसून चादरीच्या कडा गादीखाली खोचत असायची. दोन्हीकडून, घट्ट, लिफाफा चिकटवावा तशा.

"आई, भट्टी झालीय खोलीची. पंखा लाव."

"त्याला वारा सोसत नाही."

"सोसत नाही म्हणजे काय होतं?"

"सोसत नाही म्हटलं ना एकदा," आई म्हणाली आणि कडा खोचत राहिली.

*

शर्यतीच्या सकाळी गाडी टेम्पोत चढवायला शेजारचा सुतार आणि त्याचा भाऊ बोलवावे लागले. एरवी ताई आणि मामा दोघं पुरत. सुतार घाम पुसत म्हणाला, "यात काय सोनं भरलंय का?"

निघण्याआधी ती पुढच्या खोलीत गेली. आई आंघोळीला गेली होती. ताईने, कितीतरी दिवसांनी, धाकट्याचं मनगट धरलं. वर उचललं. सोडलं.

हात खाली पडला नाही.

तो होता तिथेच, गादीपासून वीतभर वर, राहिला. बोटं किंचित वळलेली. मग पाण्यात बुडणाऱ्या पानासारखा, डुलत डुलत, खाली आला.

ती दोन पावलं मागे सरली. रडावं की किंचाळावं हे तिला ठरवता येईना. म्हणून तिने, तिला येत होतं तेच केलं. ती चिडली. तणतणत गॅरेजमध्ये गेली, निळा पट्टा उचलला, परत आली आणि तो चादरीवरून धाकट्याच्या पोटावर आडवा टाकला. शिशाच्या वड्या खडखडल्या. पलंग करकरला. गादी खाली बसली.

"हे तुझं. सांभाळ."

आई दारात उभी होती. केस ओले. "अगं, हे काय? काढ ते. ओझं होईल त्याला."

"होऊ दे. आई, ऐक. हा काढायचा नाही. मी येईपर्यंत काढायचा नाही."

"पण कशाला?"

"तुला ठाऊक आहे कशाला!" ती ओरडली. आईने नजर खाली घातली. बाहेर मामाने टेम्पोचा हॉर्न दिला.

*

धावपट्टीवरच्या काटेवाल्याचा एक डोळा सतत मिटलेला असायचा, उन्हामुळे की संशयामुळे हे कुणाला सांगता आलं नसतं. ताई गाडीवर बसली, पाय वर घेतले. मामाने बोट लावलं. काटेवाल्याने आकडा वाचला, काटा शून्यावर आणला, पुन्हा वाचला.

"एकटीच आहेस ना?"

"दुसरं कुणी दिसतंय का?"

"मला नाही दिसत. काट्याला दिसतंय." मागे उभे असलेले हसले. "दोघांचं भरतंय हे. शिसं किती लावलंस?"

"ते बघ, समोर आहे. मोजून घे." तिने गाडीला आवळलेलं शिसं दाखवलं. "नियम कमी वजनाला आहे. जास्तीला नाही."

"नाहीच. एवढं ओझं घेऊन पळायचंय तर पळ." त्याने शिक्का मारला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "या वेळी पुढून उचलायला नको म्हणून दगड भरलेत वाटतं." पुन्हा हशा.

ताईचे कान तापले. कारण तो माणूस खरं बोलत होता. या वजनाने गाडीचं नाक उचललंच नसतं, कुणीही कसंही सेट केलं असतं तरी. मग तिने काय सिद्ध करायचं होतं?

रांगेत मामा हँडल धरून गाडी ढकलत होता. वळणावर तो थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"परत जाऊ या, पोरी."

"का?"

"हँडल वळत नाही. दुसरं कुणीतरी पण धरलंय."

"मग तू सोड," ताई म्हणाली.

ही तीच जागा होती. इथेच धाकट्याने जाकिटाची चेन उघडली होती. मामाने हँडल सोडलं आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, कुणीतरी त्यात काही ठेवणार असल्यासारखा.

*

ती रेषेवर आली. शेजारच्या गाडीचं इंजिन गुरगुरत होतं. तिने टाकीवर छाती टेकली. टाकी थंड असायला हवी होती. ती कोमट होती.

हेल्मेटच्या आत पावडरीचा वास.

"उतर," ती म्हणाली.

पुढचा टायर काँक्रीटवर पसरला होता, ओझं वाहणाऱ्या गाडीच्या टायरसारखा.

"तेव्हा कमी भरलास. आता जास्त भरतोयस. एकदा तरी खऱ्या मापाने वाग. उतर खाली."

पिवळा दिवा.

इंजिन वर गेलं. क्लचवर बोटं.

हिरवा.

तिने क्लच सोडला आणि गाडी निघाली, पण कशी, चिखलातून बैलगाडी निघावी तशी. मागचं चाक धूर काढत होतं. नाक जमिनीला खिळलेलं. शेजारची गाडी पुढे गेली.

हँडलवर, तिच्या हातांच्या आत, आणखी दोन हातांची ऊब होती.

डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. तिला आठवलं, त्याला सायकल शिकवताना तो असाच तिच्या पुढ्यात बसायचा आणि हँडल सोडायचा नाही, आणि ती मागून ओरडायची.

तेच ओरडली.

"उतर म्हणते ना!"

आणि तो उतरला.

धक्का बसला नाही. आवाज झाला नाही. तिच्या छातीखालची जागा गार पडली.

गाडी सुटली.

पुढचं चाक उचललं. बोटभर. तळहाताएवढं. धावपट्टीच्या कडेला लोकांचे श्वास अडकले. चाक तिथेच थांबलं, ना वर ना खाली, तिच्या गणितात होतं अगदी तिथे. मग अलगद टेकलं, आणि गाडी दोरी ताणावी तशी सरळ गेली.

शेजारची गाडी मागे पडली ते तिने पाहिलंही नाही.

*

ती वळून परत आली तेव्हा कुणी हसत नव्हतं. काटेवाल्याने दोन्ही डोळे उघडले होते. "चाक उचललं आणि थांबलं," तो म्हणाला, तिला नव्हे, आजूबाजूच्यांना. "सगळ्यांनी बघितलं ना? सेटिंग बरोबर होतं. आधीही बरोबरच असणार." जो दगडांवरून बोलला होता त्याने टोपी काढली आणि उगाच आतून बघितली.

हेच ऐकायला ती इतके दिवस जळत होती. ऐकलं. आणि आत काही पेटलं नाही, विझलंही नाही.

मामा गर्दीतून धावत येत होता. हातात फोन, हात लांब धरलेला, जळता असावा तसा.

"आई आहे," तो म्हणाला.

तिने कानाला लावला. पलीकडे पडदा फडफडताना ऐकू येत होता. बाकी काही नाही.

"आई?"

"बाई," आई म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "तो तिकडे आलाय का?"

ताईने फोन मामाच्या हातात दिला. गाडी काट्याकडे ढकलू लागली. एका हाताने ढकलली, सहज गेली. पुढचं चाक एका काट्यावर, मागचं दुसऱ्यावर. मामाने न सांगता बोट लावलं. मग तेही काढलं, आणि गाडी लगेच कलली, कुठलीही गाडी कलते तशी. त्याने पुन्हा सावरली.

काटा फिरला आणि थांबला. टाकी, चेन, चाळणी झालेलं झाकण, घासलेली डिस्क, पुढे आवळलेलं शिसं. तेवढंच. केसाएवढंही जास्त नाही.

त्या सकाळी टेम्पो कोपऱ्यावरून दिसेनासा झाल्यावर आईने धाकट्याच्या पोटावरचा पट्टा उचलून पलंगाखाली ठेवला होता, लेकराला ओझं नको म्हणून. खोचलेली चादर सैल केली होती. आणि खोलीत फार उकडत होतं, म्हणून खिडकी उघडली होती.